चित्र हलतं कुठे? मुंबईच्या पडद्याची गोष्ट

गिरगाव-लालबागच्या गल्ल्यांत गणपतीच्या दिवसांत रस्त्यावर आडवा पडदा बांधून सिनेमा दाखवायची पद्धत कित्येक वर्षं होती. दोन बाजूंच्या चाळींना दोऱ्या बांधून पांढरं कापड ताणायचं, थोड्या अंतरावर टेबल टाकून त्यावर सोळा एमएमचं मशीन ठेवायचं आणि अंधार पडायची वाट बघायची. मशीनच्या बाजूची जागा भरली की उरलेली मंडळी पडद्याच्या मागे बसत. मागूनही चित्र बऱ्यापैकी स्पष्ट दिसे, फक्त डाव्याचं उजवं झालेलं असे. नायक डावखुरा व्हायचा आणि सुरुवातीची नावं वाचता यायची नाहीत.

पडद्यामागच्या त्या प्रेक्षकांना एक गोष्ट न शिकवता कळत असे. पडद्यावर काहीच नसतं. ते नुसतं प्रकाश झेलणारं कापड असतं. चित्र असतं मशीनमधल्या बोटभर रुंदीच्या पट्टीवर, आणि तिथेही ते हलत नसतं. मग ते हलतं कुठे?

या प्रश्नाचं उत्तर मुंबईच्याच इतिहासातून शोधायला मला आवडतं, कारण चित्र दाखवण्याच्या तंत्रातली जवळजवळ प्रत्येक पायरी या शहराने अगदी लवकर पाहिली. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि युरोपातून येणाऱ्या बोटींसाठी हिंदुस्थानातलं पहिलं मोठं बंदर मुंबई ठरलं. नवं यंत्र आधी इथल्या धक्क्यावर उतरायचं. पण बोटीतून आलं ते यंत्रच. अंधारात बसून चित्रातून गोष्ट बघायची सवय आपल्याकडे आधीपासून होती, आणि सिनेमाचा इतिहास सांगताना ही बाजू फार थोडक्यात उरकली जाते.

कुडाळजवळच्या पिंगुळी गावचा ठाकर समाज चित्रकथी सादर करतो. कागदावर रंगवलेल्या चित्रांची पोथी असते. सांगणारा एकेक चित्र समोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातलं आख्यान गातो. हेच ठाकर कळसूत्री बाहुल्या नाचवतात आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही करतात. या शेवटच्या खेळात ताणलेला पांढरा पडदा असतो, पडद्यामागे दिवा असतो आणि दोघांच्या मध्ये बाहुली हलते. प्रेक्षक समोर बसून सावली बघतात. दिवा, आकृती, पडदा, अंधार आणि सोबत बोलणारा आवाज, सिनेमाला लागणाऱ्या इतक्या गोष्टी त्यात आहेत. मुंबईच्या गिरण्यांत भरती झालेल्या कामगारांत कोकणातली माणसं मोठ्या संख्येने होती. ती शहरात आली ती दशावतार आणि बाहुल्या बघून आली होती. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा बऱ्याच मुंबईकरांनी चित्रकथी हा शब्द पहिल्यांदा ऐकला असेल, याचं वाईट वाटतं.

पुढची पायरी जादूच्या कंदिलाची. त्याचं काम समजायला सोपं आहे. बंद पेटीत प्रखर दिवा असतो. दिव्यापुढे एक जाड भिंग सगळा प्रकाश गोळा करून पुढे ढकलतं. त्याच्यापुढे काचेवर पारदर्शक रंगांनी काढलेलं चित्र असतं आणि सर्वात पुढे दुसरं भिंग त्या चित्राची मोठी प्रतिमा पडद्यावर पाडतं. भिंगातून जाताना किरण एकमेकांना ओलांडतात, म्हणून वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे जातं. त्यामुळे काच उलटी घालावी लागते. सिनेमाच्या मशीनमध्ये फिल्मही अशीच डोकं खाली करून चढवतात.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९० च्या दशकात याच तंत्रावर 'शांबरिक खरोलिका' हा खेळ उभा केला. काचांवरची चित्रं हाताने रंगवलेली, गोष्टी पुराणातल्या, आणि पडद्याशेजारी निवेदन व संगीत. पटवर्धनांच्या मुलांनीही पुढे हे खेळ केले. कंदिलावर चित्र हललं असं भासवायच्या युक्त्या जगभर ठरलेल्या होत्या. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या मुद्रा वेगवेगळ्या काचांवर काढून त्या भराभर बदलायच्या, किंवा दोन कंदील एकाच जागी रोखून एकाचा उजेड मंद करत दुसऱ्याचा वाढवायचा, म्हणजे एक दृश्य दुसऱ्यात विरघळतं. फक्त काचा हाताने बदलायच्या असल्याने माणसाच्या हाताचा वेग आडवा येई. सेकंदाला दोन काचा बदलणंसुद्धा अवघड. चित्र हललेलं खरंच वाटायला सेकंदाला निदान दहा-बारा चित्रं समोरून जावी लागतात, आणि गुळगुळीत हालचालीसाठी सोळा किंवा त्याहून जास्त.

ही अडचण सोडवणारं यंत्र ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत दिसलं. फ्रान्समधल्या ल्युमिएर बंधूंचा माणूस, मारियुस सेस्तिए, ऑस्ट्रेलियाला निघाला होता आणि वाटेत मुंबईत थांबला होता. काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात त्याने एक रुपया तिकीट लावून सहा छोट्या फिती दाखवल्या. त्यात स्टेशनात येणारी आगगाडी होती, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार होते आणि समुद्रात उड्या मारणारी पोरंही होती. बाहेर ऐन पावसाळ्यातला आपला समुद्र आणि आत कापडावर परदेशी समुद्र, त्याच्याही लाटा किनाऱ्याला येऊन फुटतायत! मला वाटतं, आगगाडीपेक्षा त्या लाटांनी मुंबईकरांना जास्त थक्क केलं असेल. मंचावर इंजिनाचा देखावा करता येतो, पण लाटेचं पाणी फुटून उडताना कुठल्याही चित्रकाराला, नेपथ्यकाराला तोवर दाखवता आलं नव्हतं. आठवड्याभराने खेळ फोर्टातल्या नॉव्हेल्टी थिएटरात हलले. तिथे कमी दराची तिकिटंही आली आणि पडद्यातल्या बायकांसाठी वेगळी बसायची सोय झाली.

आता यंत्राच्या आत बघू, कारण सगळी मेख तिथे आहे. फिल्मची लांब पट्टी असते. तिच्यावर एकाखाली एक स्थिर फोटो असतात, प्रत्येक फोटो आधीच्यापेक्षा किंचित वेगळा. पट्टी दिव्यासमोरून सरळ ओढत नेली तर पडद्यावर नुसता रंगांचा ओघळ दिसेल. म्हणून तिला थांबत-थांबत पुढे न्यावं लागतं. शिलाई मशीनमध्ये सुई वर असताना कापड टाकाभर सरकतं आणि सुई खाली येते तेव्हा थांबतं. लुई ल्युमिएरला याच यंत्रणेवरून कल्पना सुचली असं सांगतात. त्याच्या यंत्रात दोन बारीक दाते पट्टीच्या कडेच्या भोकांत शिरतात, पट्टी एक फोटोभर खाली ओढतात, बाहेर येतात आणि वर जाऊन पुन्हा शिरतात. पट्टी सरकत असते तेवढ्या वेळात फिरती झडप दिव्याचा उजेड अडवते. पट्टी थांबली की झडप उघडते आणि फोटो पडद्यावर पडतो. असं सेकंदाला सुमारे सोळा वेळा.

म्हणजे प्रेक्षक खेळातला बराच वेळ पूर्ण अंधारात बसलेला असतो आणि त्याला ते कळत नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टी घडतात आणि त्या सहसा एकत्र केल्या जातात. पहिली डोळ्याची. उजेड गेला तरी डोळ्यातली संवेदना क्षणभर टिकते, त्यामुळे उघडझाप पुरेशी जलद असली की उजेड सलग वाटतो. सोळा उघडझापा त्यासाठी कमी पडतात, चित्र लुकलुकतं. म्हणून पुढे झडपेला तीन पाकळ्या केल्या. फोटो तोच, पण तो तीनदा झाकून-उघडून दाखवायचा, म्हणजे सेकंदाला ४८ उघडझापा होतात आणि लुकलुक नाहीशी होते. दुसरी गोष्ट मेंदूची. थोड्या वेगळ्या जागी असलेल्या दोन आकृती लागोपाठ दिसल्या की मेंदू त्यांना दोन मानत नाही. 'एकच वस्तू इथून तिथे गेली' असं तो स्वतःच ठरवतो. मधला प्रवास फिल्मवर नसतो, पडद्यावरही नसतो. तो बघणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो. चित्र हलतं ते तिथे.

ल्युमिएरच्या एका फितीची लांबी सुमारे १७ मीटर. ती ५० सेकंदांच्या आसपास चाले, कारण हाताने हँडल फिरवणारा माणूस जितका वेग ठेवी त्यावर वेळ ठरे. हेच लाकडी खोकं कॅमेऱ्याचं काम करी, प्रती काढायच्या कामी येई आणि मागे दिवा लावला की प्रोजेक्टर होई. दिव्याच्या उष्णतेने फिल्म पेटू नये म्हणून मध्ये पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवत. प्रकाश गोळा व्हायचा आणि उष्णता पाणी शोषून घ्यायचं.

त्या खेळांच्या प्रेक्षकांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते. लोक त्यांना सावेदादा म्हणत. त्यांचा मुंबईत फोटो स्टुडिओ होता. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची कुस्ती चित्रित केली. फिल्म धुवायची सोय इथे नसल्याने ती बोटीने लंडनला पाठवावी लागली. आपण काय टिपलंय हे कळायला टिपणाऱ्याला समुद्रापलीकडून डबा परत येण्याची वाट पाहावी लागायची! डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून गणितात रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांचं मुंबईतलं स्वागत सावेदादांनी चित्रित केलं. आपल्याकडच्या वार्तापटाची सुरुवात बहुतेक अभ्यासक तिथून धरतात.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं तंबूंची. मैदानावर तंबू ठोकायचे, बायोस्कोप लावायचा, गर्दी ओसरली की गाशा गुंडाळायचा. ग्रँट रोडच्या पिला हाऊस परिसरातल्या नाटकशाळांतही हळूहळू पडदे चढले. त्या भागाला तमाशांची, पारशी आणि मराठी नाटकांची सवय होती. ग्रँट रोडच्या नाट्यगृहात विष्णुदास भावे यांनी १८५३ मध्येच आपले खेळ केले होते. रॉयल ऑपेरा हाऊस १९११ मध्ये सुरू झालं ते नाटक-संगीतासाठी, पण काही वर्षांतच तिथेही सिनेमे लागू लागले.

दादासाहेब फाळक्यांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. गिरगावात अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, विमा पॉलिसी गहाण टाकली, १९१२ मध्ये लंडनला गेले. मला त्यांचं एक वेगळं काम सांगायचं आहे, कारण चित्र हलण्याचं रहस्य त्यात उघडं होतं. लंडनहून परतल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभर ठरावीक वेळेने एकेक फोटो घेतला. ती फित सलग दाखवली तेव्हा कोंब फुटून वेल वर चढताना दिसला, मिनिट-दोन मिनिटांत. टिपण्याचा वेग आणि दाखवण्याचा वेग हे दोन वेगळे वेग आहेत आणि त्यांच्यातलं अंतर वाढवलं की काळ हवा तसा आवळता येतो, हे त्यांनी 'अंकुराची वाढ'मधून दाखवलं. या फितीवर विश्वास ठेवून त्यांना कर्ज मिळालं.

फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले होते, लिथोच्या छपाईत मुरलेले होते, फोटोग्राफर होते आणि हौशी जादूगारही. पडद्यावर देव प्रकट करायला हे सगळं कामी आलं. कॅमेरा पक्का ठेवून हँडल थांबवायचं, रिकाम्या जागी पात्र उभं करायचं आणि पुन्हा फिरवायला लागायचं. प्रेक्षकाला मधला खंड दिसत नाही, पात्र हवेतून आल्यासारखं वाटतं. दुसरी युक्ती म्हणजे एकदा टिपलेली फिल्म मागे गुंडाळून तिच्यावर पुन्हा टिपायचं, म्हणजे आकृती अर्धपारदर्शक दिसते.

दादरच्या राहत्या घरात हा उद्योग चालला. विकत आलेल्या कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसत. ती अंधारात हाताने पाडावी लागत, आणि अंतर केसभर चुकलं तर पडद्यावर चित्र थरथरायचं. हे काम सरस्वतीबाई फाळके करत. फिल्म धुणं, जोडणं आणि चित्रीकरणाच्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याच अंगावर होता. पहिल्या तंत्रज्ञांमध्ये त्यांचं नाव फाळक्यांच्या बरोबरीने घ्यायला हवं, हे मी आग्रहाने म्हणेन.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्याच चित्रगृहात वर्षभर आधी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' लागला होता. तो नाट्यप्रयोगाचं चित्रण होता, म्हणून पहिलेपणाचा मान कुणाचा यावर अजून वाद होतात. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट. पस्तीस एमएमच्या फिल्मवर एका फुटात १६ फोटो बसतात आणि मूकपटाचा वेगही सेकंदाला साधारण १६ फोटोंचा, म्हणजे एक फूट एक सेकंद. तासाभराचा चित्रपट आणि जवळपास ५९,००० स्थिर फोटो.

या चित्रपटांना मूकपट म्हटलं तरी चित्रगृह कधीच मूक नसे. पडद्यासमोर पेटी-तबला वाजत असे. पाट्यांवरचा मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवी, काही ठिकाणी त्यासाठी माणूसच ठेवलेला असे. पिंगुळीचा चित्रकथी आणि पटवर्धनांच्या खेळातला निवेदक यांचंच काम तो करत होता. चित्राशेजारी उभा राहून बोलणारा माणूस आपल्याकडे शतकानुशतकं होता, तो गेला १४ मार्च १९३१ नंतर.

त्या दिवशी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात अर्देशीर इराणींचा 'आलम आरा' लागला. त्याचं चित्रीकरण रात्री उशिरा चाले, कारण स्टुडिओ रेल्वेमार्गाजवळ होता आणि दिवसा गाड्यांचा आवाज माइकमध्ये शिरत असे. आवाज फिल्मवर कसा बसतो? माइकमधून आलेल्या विजेच्या चढउतारानुसार एका दिव्याचा प्रकाश कमी-जास्त करून फोटोंच्या कडेला अरुंद पट्टी छापतात. कुठे गडद, कुठे फिकी. चित्रगृहात त्या पट्टीवर बारीक प्रकाशझोत टाकला की पलीकडे पोचणारा प्रकाश त्याच प्रमाणात कमी-जास्त होतो. प्रकाशाची पुन्हा वीज होते आणि विजेचा कर्ण्यातून आवाज.

यात एक सुंदर अडचण होती. चित्र बघायला फिल्म थांबत-थांबत जायला हवी, पण तशी गेली तर आवाजाचे तुकडे पडतील. आवाजाला सलग गती लागते. त्यावर तोडगा असा निघाला की दिव्यासमोर फिल्म धक्क्याधक्क्याने सरकू द्यायची, पुढे तिचा सैलसर वेढा सोडून धक्के जिरवायचे आणि मग सलग फिरणाऱ्या चाकावर आवाज वाचायचा. म्हणून एखाद्या फोटोचा आवाज त्या फोटोशेजारी नसतो, सुमारे २० फोटो अंतरावर असतो. जोडकाम करणाऱ्याचा हिशेब चुकला की ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. बोलपटाने वेगही ठरवून टाकला, सेकंदाला २४ फोटो. हँडल हाताने फिरवायचे दिवस संपले, कारण वेग जरा हलला की गायिकेचा सूर हलायचा.

बोलपटाने मराठीला केवढं दिलं, याचा पुरावा १९३६ मध्ये मिळाला. प्रभातचा 'संत तुकाराम' मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षभराहून अधिक काळ चालला. ज्यांना अक्षर येत नव्हतं तेही आता मधल्या माणसाशिवाय अभंग ऐकत होते.

याच दशकापासून चित्रगृहांच्या इमारती बदलू लागल्या. रीगल १९३३ चं, मेट्रो आणि इरॉस १९३८ ची, लिबर्टी १९४९ चं. इरॉस ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीनच समुद्र हटवून मिळालेली. आर्ट डेको शैलीच्या या इमारतींपैकी रीगल आणि इरॉस २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या परिसरात येतात. गिरणगावात भारतमाता आणि दादरला प्लाझा यांनी मराठी प्रेक्षक सांभाळला, आणि माझ्या लेखी त्यांचं मोल त्या देखण्या इमारतींपेक्षा कमी नाही.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झालं. चाळीत ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी रविवारी सगळा मजला. त्या जुन्या टीव्हीत सबंध चित्र कधीच एकदम नसे. इलेक्ट्रॉनचा एक झोत काचेवर डावीकडून उजवीकडे ओळी आखत खाली यायचा, ६२५ ओळींचं एक चित्र, सेकंदाला २५ चित्रं. आधी विषम ओळी, मग सम, म्हणजे लुकलुक कमी. इथेही डोळा आणि मेंदू तेच जुनं काम करत होते. चित्रपट २४ चा आणि टीव्ही २५ चा, म्हणून आपल्यासारखी टीव्हीची पद्धत असलेल्या देशांत चित्रपट किंचित वेगाने चालवून दाखवत. अडीच तासांचा सिनेमा टीव्हीवर सहा मिनिटं लवकर संपे.

आजच्या चित्रगृहात रीळ नाही. बहुतेक डिजिटल प्रोजेक्टरमध्ये बोटाच्या पेरांत मावणाऱ्या तीन चिप असतात, लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशासाठी एकेक, आणि प्रत्येकीवर सुमारे २२ लाख सूक्ष्म आरसे. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला प्रत्येक चिपवर एक आरसा. तो सेकंदाला हजारो वेळा कलतो, कधी प्रकाश भिंगाकडे पाठवतो, कधी बाजूला टाकतो. ज्याचा आरसा प्रकाश जास्त वेळ भिंगाकडे पाठवतो तो ठिपका उजळ दिसतो. दाते गेले, झडप गेली, मेंदूला फसवणारी लागोपाठची स्थिर चित्रं मात्र तीच आहेत.

मागे उरले ते डबे. सुरुवातीची फिल्म नायट्रेटची होती. ती भडकन पेटे आणि एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो. म्हणून जुन्या चित्रगृहांत ऑपरेटरच्या केबिनला लोखंडी झडपा असत. आपले बहुतेक मूकपट गेले, 'आलम आरा'ची एकही प्रत हाती नाही. 'राजा हरिश्चंद्र'चं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं आहे, आणि ते १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचं असावं असं काही अभ्यासक मानतात. नंतरची अॅसिटेट फिल्म तशी भडकन पेटत नाही, पण दमट हवेत कुजते. मुंबईची खारट, ओली हवा तिला सर्वात वाईट. कुजताना तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, आणि ती वाफ शेजारच्या डब्यांतल्या फिल्मलाही लागते.

कुणाच्या माळ्यावर आजोबांच्या काळातली, गणेशोत्सव मंडळाची किंवा बंद पडलेल्या थिएटरची रिळं असतील तर ती मशीनवर चढवून बघू नका. आक्रसलेल्या फिल्मची भोकं पहिल्याच फेरीत फाटतात. आंबट वास येणारे डबे आधी बाकीच्यांपासून वेगळे करा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, घरातल्या सर्वात थंड आणि कोरड्या जागी ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला. फिल्म फार जुनी असेल आणि तिच्यावर चिकट थर किंवा तपकिरी भुकटी दिसली तर ती नायट्रेटची असू शकते. असा डबा विजेपासून आणि शेगडीपासून लांब ठेवा आणि जाणकार येईपर्यंत उघडू नका.